सुभेदाराच्या दारावरचा कागद

गावात मला आशाताई म्हणतात. ते माझं नाव नव्हे, काम. घरोघर हिंडायचं, कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या पोराचा डोस राहिलाय, कुणाला ताप येतोय ते वहीत लिहायचं आणि आरोग्य केंद्रात नेऊन द्यायचं. इतकी वर्षं हे करते आणि चांगलं करते, सांगायला मला लाज नाही. एकदाच वाईट केलं. ते चुकून झालं असं माझी आई मरेपर्यंत म्हणायची. आईचं काय, तिला मी सगळं सांगितलंच नव्हतं. चुकून बिकून काही नाही. मी ते मुद्दाम केलं, डोकं शाबूत ठेवून केलं, आणि करताना मला बरं वाटत होतं.

आमचं गाव पलूसच्या बाजूला. कृष्णेचं पाणी पंपानं उचलून वरच्या माळावर न्यायचं, त्यासाठी गावाची पाणी संस्था आहे. कुणाच्या उसाला पाणी आधी, कुणाची पाळी दिवसा आणि कुणाची अडनिड्या वेळी, हे संस्थेचा चेअरमन ठरवतो. सरपंचाला लोक रामराम घालतात, चेअरमनला वाट सोडतात. आमचं पॅनेल पहिल्यापासून निवडून येतं. त्यामुळं खरी निवडणूक ती नव्हेच. खरी निवडणूक आधी आमच्या आमच्यात होते, चेअरमनकीला आपला माणूस कोण हे ठरवायला. त्याला आम्ही कौल म्हणतो.

कौल बिरोबाच्या देवळात होतो. पॅनेलमधली जुनी पंचवीस माणसं, त्यांनाच मान. देवासमोर दोन मडकी मांडायची, वरून घोंगडं टाकायचं. प्रत्येकानं मुठीत एक सुपारी घेऊन दोन्ही मडक्यांत हात घालायचा आणि एका मडक्यात सुपारी सोडून यायचं. कुणाला काही कळत नाही. पण त्याआधी भंडारा. उमेदवाराच्या घरचा कर्ता मुलगा भंडाऱ्याचं ताट घेऊन फिरतो आणि आपल्या हातानं प्रत्येकाच्या जिभेवर चिमूट ठेवतो. जो निवडून येईल त्याच्या मागं आम्ही सगळे, अशी ती शपथ. ज्यानं भंडारा घेतला नाही त्याला सुपारी नाही. आणि जो आला नाही त्याचं मत गेलं. देवापुढं निरोप चालत नाही.

त्या साली दोघं उभे होते. एक माझे थोरले दीर, आणि दुसरे सैन्यातून सुभेदार होऊन आलेले गृहस्थ. सुभेदारांच्या दारात चपलासुद्धा एका ओळीत. ते म्हणायचे, पाळ्यांचा तक्ता भिंतीवर लावीन, त्यात माझं शेत कुठं आहे ते बी सगळ्यांनी बघा. आमचे भावजी म्हणायचे, आपली माणसं आधी. आमचं शेत पाइपलाइनच्या अगदी टोकाला. वरच्यांचं भागलं की मग आम्हाला, तेही वीज असली तर. तक्त्यानं आमचं भलं होण्यासारखं नव्हतं. भावजींनी होणार होतं.

एवढंच असतं तर मी एवढी पेटले नसते. दोन महिने आधी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सुभेदारीणबाई पंधरा बायकांत म्हणाली, "आशाचं काम म्हंजी काय, दारोदार हिंडायचं. आमच्यात न्हाई बाई चालत." माझ्या हातात तिनं दिलेलं वाण. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि मी हसले. वाण घेतलं, ओटीत घातलं आणि हसत घरी आले. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो.

त्यात तो रोग आला. आधी टीव्हीवर, मग पुण्यात, मग मुंबईत. शाळा बंद झाल्या. आणि बघता बघता त्या रोगालाही पॅनेल मिळालं. सुभेदारांच्या बाजूचे म्हणायला लागले, कौल पुढं ढकला, पंचवीस माणसं एका गाभाऱ्यात कोंबायची ही वेळ नाही. झालं. भावजींचे लोक म्हणाले, हरणार म्हणून रोग काढलाय. पारावर नुसता गोंधळ. "आरं उसात राबनाऱ्याला कसला रोग? उन्हात मरतोय त्यो." "मरतोय? मग तुज्या टीव्हीत काय तमाशा चाललाय व्हय?" ज्यानं तोंडाला रुमाल बांधला तो सुभेदाराचा. जो मोकळ्या तोंडानं खोकला तो आमचा. एक म्हातारबाबा होते, पंचविसांतलेच, दम्याचे. वर्षानुवर्षं धुळीसाठी मफलर गुंडाळून फिरायचे. त्यांचा रामराम आमच्या लोकांनी घ्यायचा बंद केला. बिचारे मला म्हणाले, "आगं, ह्यो मफलर पंधरा सालाचा हाय, म्या कुटं गेलो सुभेदाराकडं?" मी काय म्हटलं माहीत आहे? मी, आरोग्याची बाई. "मग काडून टाका की बाबा. कशाला उगं लोकांच्या डोळ्यावर येताय." त्यांनी माझ्यासमोर काढला आणि घडी करून काखेत धरला.

आता आमच्या घरचं सांगते. भावजींचा मुलगा, माझा पुतण्या, मुंबईच्या बाजारात हमालांवर मुकादम होता. तिशीतला, दोन पोरांचा बाप. कौलाला आठ दिवस असताना तो मलकापूरला हायवेवर उतरला आणि दुधाच्या गाडीत मागं बसून गावात आला. आमची घरं एकाच आवारात, मध्ये फक्त गोठा. तो आला ते मला त्याच्या खोकल्यावरून कळलं. त्याच आठवड्यात सुभेदारांची लेक पुण्याहून आली. ती आली ते सगळ्या गावाला दिसलं, कारण ती एसटीनं आली, दिवसाढवळ्या, बॅग हातात घेऊन, ठणठणीत.

केंद्रातून मला कागदांचा गठ्ठा मिळाला होता. मुंबई-पुण्याहून माणूस आलं की त्या घराच्या दारावर कागद लावायचा, घरातल्यांनी चौदा दिवस उंबरा ओलांडायचा नाही. नियम साधा होता. दोन घरं, दोन कागद. मला तो चांगला कळला होता.

गठ्ठा मिळाला त्याच दिवशी दुपारी भावजी आमच्या घरात आले. लग्न होऊन आल्यापासून ते माझ्याशी कधी सरळ बोलले नव्हते. भिंतीकडं बघायचे आणि ह्यांना म्हणायचे, "सांग तुज्या बायकूला." आमच्यात थोरल्या दिराची तशीच रीत. त्या दिवशी ते माझ्याकडं बघून बोलले. "ताई," म्हणाले, "आता समदं तुमच्या हातात हाय." बास. कागदाचं नाव नाही, सुभेदाराचं नाव नाही, पोराचं नाव नाही. चहा पिऊन गेले. बाई गं, काय सांगू, माझे पाय जमिनीला लागेनात. ज्या माणसानं इतकी वर्षं मला भिंतीआडून हुकूम दिले त्यानं मला ताई म्हटलं होतं. मी गठ्ठ्यातला एक कागद काढला, फक्त एक, आणि पदर खोचून निघाले.

सुभेदार बनियनवर बाहेर आले. कागद घेतला, चष्मा लावून शब्द न् शब्द वाचला.

"चौदा दिस? समद्यांनी?"

"समद्यांनी," मी म्हटलं. "तुमचं भाऊ बी तुमच्यातच ऱ्हात्यात न्हवं? त्यांनी बी."

सुभेदार आणि त्यांचे भाऊ, दोघंही पंचविसांत होते. ते मला बरोबर माहीत होतं.

"कौल शुक्रवारी हाय, ताई."

"मला त्यातलं काय कळत न्हाई. मी आरोग्याचं बगते."

मागून सुभेदारीण ओरडली, "आवं, हिच्या पुतण्याला इचारा की! त्यो मुंबैसनं आलाय, समद्या गल्लीला खोकला ऐकू येतोय!"

सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं. "खरं हाय का, ताई?"

"आमच्यात कोन आलं न्हाई," मी म्हटलं. डोळा लवला नाही माझा. खोटं इतकं सोपं असतं हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांनी कागद परत माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "ऑर्डर ती ऑर्डर. लावा." माझी डिंकाची बाटली सुकली होती, तर ते स्वतः आत जाऊन खळ घेऊन आले. मी कागद लावत होते तेव्हा म्हणाले, "वाकडा लागतोय, जरा डावीकडं घ्या," आणि एका बाजूनं त्यांनीच धरला. सुभेदारीण उंबऱ्याच्या आत उभी राहून थयथयाट करत होती. मी तिच्याकडं बघून हसले. संक्रांतीचं हसणं मी त्या दिवशी परत केलं, आणि घरी येताना वाटेत मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

गुरुवारी आमचे मालक म्हणाले, "मी न्हाई जात उद्याच्याला. मला साखर हाय. तूच म्हनतीस न्हवं, साखरवाल्यानं जपावं म्हनून?"

हे मीच सांगितलेलं. घरोघर सांगत होते, ह्यांनाही सांगितलं होतं. ह्यांची साखर मीच दर महिन्याला तपासायची आणि वहीत लिहायची. आणि मी काय बोलले? "आवं, भावाच्या टायमाला शेपूट घालताय व्हय? एकेक सुपारी मोजून हाय. तुमी घरात बसला अन् एका सुपारीनं गेलं, तर आवारात तोंड दाखवायला जागा ऱ्हायल का? तुमाला काय हुतंय, रेड्यागत हाय तुमी."

"आगं, त्यो पुतण्या खोकतोय लय."

"गार पान्यानं खोकतोय."

ते उठून गोठ्याकडं गेले. मोठे गरीब स्वभावाचे होते, भांडणात कधी माझ्यापुढं टिकले नाहीत. शुक्रवारी सकाळी मी त्यांचा पांढरा शर्ट काढून दिला, टोपी दिली. टोपी नीट करत आरशात बघून म्हणाले, "चेअरमनचा भाऊ दिसतोय का?" मी म्हटलं, चेअरमनच दिसताय.

देवळात बायकांना कौलाच्या वेळी जाता येत नाही, पण मी पायरीवर होते. ग्रामपंचायतीतून मला सांगितलं होतं की जाऊन गर्दी थांबवा, आणि सॅनिटायझरची बाटली दिली होती. मी गर्दी थांबवली नाही. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर दोन थेंब टाकले. तेवीस माणसं हात चोळत आत गेली. हाताला औषध लावलं आणि आत जाऊन जिभेवर भंडारा घेतला. सुभेदारांच्या घरचं कुणी नव्हतं, म्हणून ताट आमच्याच पुतण्यानं फिरवलं. मला दारातून दिसत होतं. तो खोकायचा, मनगटानं तोंड पुसायचा आणि पुढच्याच्या जिभेवर चिमूट ठेवायचा. त्या म्हाताऱ्या बाबांनी मफलर आणलाच नव्हता. त्यांनी तोंड मोठं उघडलं, सगळ्यांना दिसेल असं. आमच्या मालकांची पाळी आली तेव्हा ते जरा मागं झाले. मान वळवून त्यांनी पायरीकडं, माझ्याकडं बघितलं. मी मानेनं खुणावलं, घ्या.

त्यांनी घेतला.

बारा सुपाऱ्या भावजींच्या मडक्यात, अकरा सुभेदारांच्या. पंचवीस माणसं असती तर निकाल उलटा लागला असता हे पोरालाही कळत होतं. एक सुपारी ह्यांची, आणि दोन सुपाऱ्या मी दारावर कागद लावून कोंडलेल्या. भावजी बाहेर आले तेव्हा सगळं अंग पिवळं झालं होतं. फटाके वाजले. ते माझ्यासमोरून गेले, पण माझ्याकडं बघितलं नाही. काम झालं होतं.

पुढच्याच आठवड्यात सगळा देश बंद झाला आणि संस्थेची निवडणूकही पुढं गेली. ज्यासाठी एवढा जीव काढला ते कधी होणार हेच कुणाला माहीत नव्हतं. भावजी मात्र घरातल्या घरात खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्याला म्हणायचे, "कौल झालाया, आता बाकी कागदी काम ऱ्हायलं."

ह्यांना ताप आला तो त्याच दिवसांत. मी रोज सकाळी वही घेऊन ऐंशी घरं फिरायची, "ताप हाय का? खोकला हाय का?" आणि माझ्या घराच्या ओळीत रोज लिहायची, लक्षणे नाहीत. आमच्या घरचा ताप उघडा पडला असता तर पुतण्याचं मुंबईहून येणं उघडं पडलं असतं, तो उघडा पडला असता तर सुभेदारांच्या दारावरचा कागद, आणि मग कौल. भावजी आले. पुन्हा भिंतीकडं बघितलं. "सांग तुज्या बायकूला, टायफाईड म्हनावं. मानसांत बोभाटा नगं." अंथरुणावरून ह्यांनी मला ते शब्द न् शब्द सांगितलं, जणू मी तिथं नव्हतेच. सवय. पाच दिवस मी टायफाईड म्हणाले. पाचव्या दिवशी ते उठून बसले आणि श्वास घ्यायला खिडकीची दांडी धरली, तेव्हा मी केंद्रात फोन केला.

सांगलीच्या डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस ताप? मी म्हटलं, दोन. तिथंही. माझा नवरा स्ट्रेचरवर तोंडानं श्वास ओढत होता आणि मी दोन म्हटलं. वहीशी जुळायला हवं होतं ना. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. बोलायची ताकद नव्हती, नाहीतर त्यांनी तरी खरं सांगितलं असतं.

मला एका शाळेच्या खोलीत ठेवलं होतं. निरोप तिथं फोनवर आला. माणूस बघायला मिळालं नाही, माती मिळाली नाही, सगळं तिकडंच झालं. बाकाच्या लाकडावर कुणी पोरानं करकटकानं आपलं नाव कोरलं होतं, त्यावर बोट फिरवत मी तो दिवस काढला. रडू येत नव्हतं. राग येत होता, आणि माझ्याशिवाय राग काढायला तिथं कुणी नव्हतं. म्हातारे बाबा चारच दिवसांनी गेले. देवळातल्या तेवीस जणांतले नऊ-दहा जण अंथरुणाला खिळले आणि उठले. पुतण्या उठला. भावजींना साधी शिंकसुद्धा आली नाही.

निवडणूक पुढं केव्हातरी झाली. सुभेदारांनी अर्ज भरला नाही. म्हणाले, भंडारा मी घेतला नसला तरी कौल कौल असतो. भावजी चेअरमन झाले, अजून आहेत. शब्दाचे पक्के निघाले, आमच्या टोकाच्या उसाला आता दिवसाची पाळी आहे. मी वही पिशवीत घालून शेतात जाते, व्हॉल्व्ह फिरवते, पाणी येतं. चांगलं भरपूर येतं. पण मला सांगायचं ते त्याच्याही आधीचं आहे.

शाळेतून घरी आले तर दारावर कागद होता. शेजारच्या गावच्या आशानं लावलेला, जरा वाकडाच. त्याचे चौदा दिवस भरले त्या सकाळी मी ओट्यावर बसले होते. कपाळ मोकळं. आवारात येईना कुणी. तेवढ्यात सुभेदार आले आणि मागं सुभेदारीण. दोघांच्या तोंडाला रुमाल. सुभेदार फाटकाशीच उभे राहिले, खिशातून घडी केलेला कागद काढून भिंतीवर ठेवला.

"चौदा दिस भरल्यावर काडून ठिवला हुता," म्हणाले. "जमा करायचा ऱ्हायलता. सरकारी हाय."

मी हातानंच खुणावलं, तिथंच राहू द्या.

"ताई, मला बी साखर हाय," ते म्हणाले. "दहा वर्सं झाली. भावाला बी हाय. ह्यो कागद न्हसता तर आमी दोघं गेलो असतो देवळात. मग काय झालं असतं ते काय सांगाय नगं."

मला ते सहन होईना. मी म्हटलं, "सुभेदार, मी तो तुमच्या भल्यासाठी न्हवता लावला."

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "तवाच ठावं हुतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तरी बी."

शिव्या दिल्या असत्या तर मी उठून दुप्पट दिल्या असत्या. त्यांनी थोबाडीत मारली असती तर माझ्या घशाखाली घास उतरला असता. पण सुभेदारीण फाटक ढकलून आत आली. सुभेदार लांबून म्हणत होते, आगं लांब ऱ्हा, लांब ऱ्हा. तिनं ऐकलं नाही. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी बाई, सगळ्या गल्लीसमोर ओट्याखाली वाकली आणि तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. रडत होती. मनापासून रडत होती, त्यात खोट काढायला जागा नव्हती.

"दारोदार हिंडनारी तू," ती म्हणाली, "आमच्या दारी आलीस, म्हनून माजं कुकू ऱ्हायलं बाई."

मी पाय मागं घ्यायला हवे होते. ती उठेपर्यंत मी ते तसेच ठेवले.